मोबाइलचा डोळा आणि एका सेंटीमीटरची चूक

मोबाइलचा कॅमेरा सुरू करून स्वतःच्या डोक्यावर फेटा चढवायचा, चष्मा विकत घेण्याआधी तो चेहऱ्यावर कसा दिसतो ते पाहायचे, किंवा घरातल्या रिकाम्या कोपऱ्यात अजून न आणलेले कपाट ‘ठेवून’ बघायचे, याचे आता कुणाला फारसे नवल वाटत नाही. समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र बसवायचे आणि फोन हलला तरी ते जागचे हलू द्यायचे नाही, या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. मराठीत त्याला ‘संवर्धित वास्तव’ असा शब्द रुळू लागला आहे. बोलताना बहुतेक जण ‘एआर’च म्हणतात.

करमणुकीपुरते हे तंत्र छान चालते. फेटा कपाळावर थोडा वर-खाली बसला तर कुणाचे काही बिघडत नाही. पण आता याच तंत्राकडून मोजमापाची कामे मागितली जात आहेत, आणि मोजमाप म्हटले की ‘साधारण बरोबर’ एवढ्यावर भागत नाही. यातले सर्वात नाजूक काम म्हणजे लहान मुलांची उंची मोजण्याचे.

परभणी जिल्ह्यातली एखादी अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा; जिंतूरच्या डोंगराळ भागातली किंवा गंगाखेड, सोनपेठकडची, गोदाकाठची. तिथे बरोबर दोन वर्षांचा एक मुलगा उंची मोजायला उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांनुसार या वयाच्या मुलग्याची मध्यम उंची ८७.१ सेंटीमीटर असते. उंची ८१ सेंटीमीटरच्या खाली असेल तर त्याची वाढ खुंटली आहे असे धरले जाते. समजा, या मुलाची खरी उंची ८०.५ सेंटीमीटर आहे आणि फोनवरच्या ॲपने ८१.५ दाखवली. चूक फक्त एका सेंटीमीटरची, पण तेवढ्याने मूल कागदावर ‘ठीक’ झाले आणि ज्या यादीत त्याचे नाव यायला हवे होते तिथून गळाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. म्हणजे या सीमारेषेच्या आसपास थोडी नव्हे, असंख्य मुले उभी आहेत.

त्यामुळे ‘फोनवर उंची मोजता येते का’ या प्रश्नापेक्षा ‘फोन किती चुकतो आणि का चुकतो’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

फोनला जागा कळते कशी?

एआरची कल्पना जुनी आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर चढवायचा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग या विमान कंपनीत पडले. तिथले थॉमस कॉडेल आणि डेव्हिड मिझेल हे विमानातल्या वायरिंगचे गुंतागुंतीचे काम कामगारांना सोपे करण्याच्या खटपटीत होते. सामान्यांच्या हाती हे तंत्र आले ते २०१६च्या ‘पोकेमॉन गो’ या खेळामुळे. पुढच्या वर्षी ॲपलने ‘एआरकिट’ आणि २०१८च्या सुरुवातीला गुगलने ‘एआरकोर’ची पहिली पूर्ण आवृत्ती आणली. त्यामुळे वेगळे उपकरण न घेता साध्या फोनवर एआर शक्य झाले.

फोनवरच्या एआरपुढचा मूळ प्रश्न एकच असतो : मी कुठे आहे आणि समोरची वस्तू किती लांब आहे? याचे उत्तर फोन दोन साक्षीदारांना विचारून काढतो.

पहिला साक्षीदार म्हणजे कॅमेरा. सेकंदाला साधारण तीस चित्रे घेत तो समोरच्या दृश्यात ठळक खुणा शोधतो. फरशीचा कोपरा, भिंतीवरचा डाग, कॅलेंडरची कडा असे काहीही त्याला चालते. फोन हलला की या खुणा पडद्यावर सरकतात. जवळच्या खुणा जास्त सरकतात, लांबच्या कमी. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची झाडे भर्रकन मागे जातात आणि दूरची टेकडी जागची हलत नाही, तसेच हे. या सरकण्यावरून फोन आपली जागा आणि खुणांचे अंतर ताडतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे फोनच्या आतले हालचाल ओळखणारे सेन्सर. वेगातला बदल आणि फिरण्याचा वेग ते सेकंदाला शेकडो वेळा टिपतात. पण त्यांचा एक दोष आहे, त्यांची चूक साठत जाते. वेगाच्या बदलात सेकंदाला फक्त १ सेंटीमीटर प्रति सेकंद एवढी खोटी भर पडली, तरी दहा सेकंदांत फोनला वाटू लागते की आपण अर्धा मीटर सरकलो. प्रत्यक्षात तो जागचा हललेलाही नसतो. कॅमेऱ्याच्या खुणा ही घसरण सतत दुरुस्त करत राहतात, म्हणूनच एआर चालते.

कॅमेऱ्याला खुणा मिळाल्या नाहीत तर सारे कोसळते. चुन्याने रंगवलेली कोरी पांढरी भिंत, एकसारखी सारवलेली जमीन, चकचकीत स्टीलचे भांडे यांच्यापुढे फोन गोंधळतो. कमी उजेडाच्या खोलीत चित्र पुसट येते आणि खुणा हरवतात. अशा वेळी ‘ठेवलेली’ वस्तू पडद्यावर तरंगायला लागते. मोजलेले अंतर दर खेपेला वेगळे येते.

पोळ्याचा बैल आणि खरा बैल

एका कॅमेऱ्याची आणखी एक अडचण आहे. पोळ्याला पाटावर मांडलेला मातीचा बैल जवळून पाहिला आणि शेतातला खरा बैल लांबून पाहिला, तर दोन्ही फोटोंत सारखेच मोठे दिसू शकतात. फोटोत आकार असतो, माप नसते. खरे माप कळण्यासाठी फोन आपल्याच हालचालीचा आधार घेतो. ‘मी दहा सेंटीमीटर सरकलो तेव्हा ती खूण एवढी सरकली’ असा त्याचा हिशेब असतो. पण ते दहा सेंटीमीटर सांगणार कोण? तेच साठत्या चुका करणारे सेन्सर. सरकण्याचा अंदाज दहाच्या जागी साडेदहा झाला, तर पुढचे प्रत्येक माप पाच टक्क्यांनी फुगते. ८० सेंटीमीटरच्या मुलाच्या बाबतीत ही चूक चार सेंटीमीटरची होते.

शिवाय हा सारा हिशेब समोरचे दृश्य स्थिर आहे असे धरून चाललेला असतो. दोन वर्षांचे मूल कुठे स्थिर उभे राहते? फोन हलला की मूल हलले हे ओळखणे यंत्राला अवघड जाते. वाऱ्यावर डोलणाऱ्या कपाशीच्या शेतात हीच अडचण येते.

यावर उपाय म्हणून काही फोनमध्ये अंतर थेट मोजणारा सेन्सर बसवतात. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि तो परतायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे एका सेंटीमीटरचा फरक ओळखायचा तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही लहान काळ मोजावा लागतो. हे आता खिशातल्या फोनला साधू लागले आहे. २०२०च्या आयफोन १२ प्रोमध्ये असा ‘लायडार’ सेन्सर आला. पण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. भर दुपारी अंगणात फोनचा मंद प्रकाश उन्हात हरवतो आणि माप विस्कटते. असे फोन महाग असतात, ही गोष्ट वेगळीच.

दवाखान्यात चालले, गावात अडले

मुलांची उंची फोनने मोजण्याचे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. ‘वेल्टहुंगरहिल्फे’ या जर्मन संस्थेने ‘चाइल्ड ग्रोथ मॉनिटर’ नावाचे ॲप विकसित करायला घेतले आणि त्याच्या चाचण्या भारतातही झाल्या. कल्पना अशी की, फोनने मुलाभोवती फिरून त्याचे त्रिमितीय चित्र घ्यायचे आणि त्यावरून उंची आणि वजनाचा अंदाज काढायचा. सुरुवातीला त्यासाठी गुगलच्या ‘टँगो’ तंत्राचा इन्फ्रारेड सेन्सर असलेला फोन वापरला गेला. मार्च २०१८मध्ये गुगलने टँगोच बंद केले. यातून एक धडा मिळतो : सार्वजनिक आरोग्याचे साधन एखाद्या कंपनीच्या एकाच उत्पादनावर उभे केले, तर ते उत्पादन बाजारातून गेल्यावर साधनाचीही पंचाईत होते.

दुसरा धडा अमेरिकेतून आला. टॅब्लेटला त्रिमितीय सेन्सर जोडून मुलांची मापे घेणाऱ्या एका साधनाची अटलांटा शहरात चाचणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते. पुढे तेच साधन ग्वाटेमाला, केनिया आणि चीनमध्ये प्रत्यक्ष कामाच्या जागी नेले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मात्र हाताने घेतलेल्या मापांशी हवी तेवढी जुळणी दिसली नाही. ही यंत्रे चुकतात ती बहुधा एकाच दिशेने, हे इथे लक्षात घ्यायला हवे. पुन्हा पुन्हा मोजले तरी आकडा तोच येतो, म्हणून तो खरा वाटतो. पण दर वेळी तो तेवढाच जास्त किंवा तेवढाच कमी असतो. काटा सरकलेल्या तराजूसारखा.

उंचीच्या अशा चुकीचा परिणाम दुहेरी असतो. उंची जास्त दाखवली तर खुंटलेली वाढ झाकली जाते. उलट उंचीच्या मानाने वजन कमी दिसू लागते, म्हणजे नसलेला कृशपणा दिसतो. एकाच चुकीमुळे एका यादीतले मूल सुटते आणि दुसऱ्या यादीत नको ते नाव चढते.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. उंची मोजण्याच्या उभ्या पट्टीची, म्हणजे स्टॅडिओमीटरची, सरकती फळी केस दाबून टाळूला टेकते. कॅमेऱ्याला मात्र आंबाडा आणि टाळू यांत फरक करावा लागतो. टाचा टेकल्या आहेत का, गुडघे वाकले आहेत का, हे फ्रॉकच्या घेरातून त्याला दिसत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना आडवे निजवून मोजतात, त्यापुढे उभे करून. या दोन पद्धतींच्या मापांतच ०.७ सेंटीमीटरचा फरक धरला जातो. एवढ्या बारकाव्याचे हे काम आहे.

अंगणवाडीतला फोन

प्रयोगशाळेतला फोन आणि अंगणवाडी सेविकेच्या हातातला फोन यांतही अंतर आहे. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची स्मरणक्षमता कमी आहे, तो तापतो, बंद पडतो आणि माहिती भरायचे ॲप मराठीत नाही, या त्यांच्या तक्रारी होत्या. तेव्हा काम होते ते फक्त आकडे भरण्याचे. एआरला कॅमेरा, पडदा, सेन्सर आणि प्रोसेसर हे सारे एकाच वेळी पूर्ण ताकदीने लागतात. ‘पोकेमॉन गो’ खेळणारे अनेक जण बॅटरी वाचवण्यासाठी त्यातला एआरचा भाग बंदच ठेवत. गुगलचे एआरकोरही सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. प्रत्येक मॉडेलचा कॅमेरा आणि सेन्सर तपासून मगच त्याला मान्यता मिळते.

त्यात परभणीचा उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जाणे ही नित्याची गोष्ट. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगते. त्यापुढे फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो, वेग कमी करतो, प्रसंगी काम थांबवतो. म्हणजे ज्या दिवसांत उन्हामुळे पडदा आधीच नीट दिसत नाही, त्याच दिवसांत तो आणखी अंधूक होतो.

आणि प्रश्न फक्त यंत्राचा नाही. मुलाचे त्रिमितीय चित्र घ्यायचे तर त्याच्या अंगावर कमीत कमी कपडे असावे लागतात. ती चित्रे कुठे साठवली जातात, कोण पाहते, किती काळ ठेवते? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. ही संमती घाईघाईत घेतलेल्या अंगठ्याची नसावी. काय टिपले जात आहे, हे आईला तिच्या बोलीत सांगायला हवे.

बांधावरही तोच हिशेब

हाच नियम शेतातही लागू पडतो. फोन घेऊन शेताभोवती चक्कर मारली की क्षेत्रफळ सांगणारी ॲप गावोगाव वापरली जातात. ती उपग्रहांवरून जागा ठरवतात, आणि मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची जागा सुमारे पाच मीटरपर्यंत चुकू शकते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे तेहतीस फुटांचा चौकोन, साधारण दहा मीटर बाजूचा. पाच मीटरची चूक म्हणजे गुंठ्याची अर्धी बाजू! किती बियाणे लागेल याचा अंदाज घ्यायला हे चालते. भावकीतला बांधाचा वाद मिटवायला चालत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाकडून मोजणीच करून घ्यावी लागते. तिथे वापरला जाणारा ‘रोव्हर’ स्थिर केंद्राकडून सतत दुरुस्ती घेतो आणि चूक काही सेंटीमीटरवर आणतो.

मग उपयोग कशाचा?

एवढे वाचून एआर निरुपयोगी आहे असे वाटू शकते, पण तसे नाही. मोजण्यात कच्चे असलेले हे तंत्र दाखवण्यात मात्र पक्के आहे. उंची पट्टीनेच मोजायची, पण मुलाच्या टाचा, गुडघे आणि मान योग्य स्थितीत आहेत का हे फोनने पडद्यावर रेघ ओढून दाखवायचे, असे झाले तर नव्या सेविकेला ते कामाचे ठरेल. फवारणी पंपाचा किंवा पेरणी यंत्राचा कुठला भाग आधी सोडवायचा, हे त्याच यंत्रावर बाण दाखवून सांगता येईल. वैद्यकीय विद्यार्थ्याला हृदयाचे कप्पे टेबलावर फिरवून पाहता येतील. या कामांत चित्र एखादा सेंटीमीटर सरकले तरी शिकणाऱ्याचे नुकसान होत नाही.

अशा कामांची पारख करायला परभणीत जागाही आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत ड्रोन, यंत्रमानव आणि स्वयंचलित यंत्रांच्या आधारे डिजिटल शेतीचे काम केले आहे. त्याच विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहार आणि बालविकास हे विषय शिकवते. शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एखादे ॲप जिल्ह्यात आणायचे असेल तर त्याची चाचणी इथेच, मे महिन्यात, अंगणवाडीच्या खोलीत आणि सेविकेच्याच फोनवर घेता येईल. पद्धत साधी आहे : प्रशिक्षित दोघांनी पट्टीने वेगवेगळे मोजायचे, तिसऱ्याने फोनने मोजायचे, आणि कुणालाही दुसऱ्याचा आकडा आधी सांगायचा नाही. फरक किती येतो हे जाहीर झाल्याशिवाय फोनचा आकडा मुलाच्या नोंदीत जाऊ नये.

घरी करून पाहा

आपल्या फोनवर अंतर मोजणारे ॲप असेल तर ते किती चुकते हे कुणालाही तपासता येते. झेरॉक्सचा ए-फोर कागद जमिनीवर ठेवा; त्याची लांबी २९.७ सेंटीमीटर असते. ती ॲपने तीनदा मोजा. मग कागद एकरंगी सतरंजीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि उन्हात ठेवून पुन्हा मोजा. आकडे एकमेकांपासून किती लांब जातात आणि खऱ्या मापापासून किती लांब राहतात, हे दोन्ही लिहून ठेवा. त्यानंतर कपाटाची जागा पाहायला ॲप खुशाल वापरा. सुताराला माप देताना मात्र टेप घ्या.

मुलाच्या वाढीबद्दल शंका असेल तर फोनवरच्या आकड्याने निश्चिंत होऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी वजन-उंची करून घ्या, आकडा वाढीच्या तक्त्यावर कुठे बसतो ते सेविकाताईंना विचारा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हे मोजायला लागणारी रंगीत पट्टी स्वस्त आहे आणि तिला चार्जिंगही लागत नाही.